बोली जमवणारा साहेब

ग्रिअर्सन हे नाव आपल्या गोव्यात बहुतेक वेळा भांडणातच निघतं. कोकणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद कँटीनमध्ये पेटला की दहा मिनिटांच्या आत कोणीतरी ग्रिअर्सनचा हवाला देतं, आणि समोरचा त्याच ग्रिअर्सनला उलट्या बाजूने उभा करतो. पुस्तक मात्र दोघांनीही उघडलेलं नसतं. मंडळाच्या बोलीविषयक सत्रासाठी टिपण करायचं होतं म्हणून मी ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चा सातवा खंड, म्हणजे मराठीचा खंड, वाचायला घेतला. वाचता वाचता खंडापेक्षा तो करवून घेणाऱ्या माणसातच जास्त गुंतले. म्हणून हा लेख.

जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन आयरिश. जन्म ७ जानेवारी १८५१, डब्लिनजवळचा. घराणं छापखानेवाल्यांचं. ट्रिनिटी कॉलेजात ते शिकले गणित, पण तिथे रॉबर्ट अ‍ॅटकिन्सन नावाचे प्राध्यापक भेटले आणि त्यांच्याकडे संस्कृतची गोडी लागली. १८७१ मध्ये आयसीएसची परीक्षा पास झाले आणि १८७३ मध्ये बंगाल इलाख्यात नोकरीवर आले. वय बावीस. इथपर्यंतची गोष्ट त्या काळच्या कुठल्याही गोऱ्या अधिकाऱ्यासारखीच आहे.

फरक पडला तो बदलीच्या गावांमुळे. रंगपूरला असताना त्यांनी खेड्यातल्या लोकांच्या तोंडून माणिकचंद्र राजाचं लांबलचक गाणं उतरवून घेतलं आणि १८७८ मध्ये छापलं. आपल्याकडच्या नवनाथांच्या पोथीत जो गोपीचंद आहे, मैनावतीचा मुलगा, त्याच्याच कुळाची ही कथा. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपण ज्याला आपली पोथी म्हणतो तिचे धागे बंगालच्या उत्तर टोकापर्यंत गेलेले आहेत, आणि ते तिथे कोणा पंडिताच्या कपाटात नव्हते, गाणाऱ्यांच्या गळ्यात होते.

पुढे बिहार. मधुबनी, पाटणा, शाळा तपासनीसाचं काम, वगैरे. इथे त्यांना पहिल्यांदा एका समजुतीशी झगडावं लागलं. सरकारी कागदावर बिहारची भाषा हिंदी किंवा हिंदुस्थानी, आणि गावकरी बोलतात ती तिचीच अशुद्ध, अडाणी रूपं. कचेरीतल्या साहेबाला गावकऱ्याचं बोलणं कळत नसे तेव्हा दोष गावकऱ्याचा ठरे. ग्रिअर्सन यांनी यावर लेख लिहून वाद घालायच्या ऐवजी रूपं गोळा केली. मैथिली, मगही, भोजपुरी यांच्या क्रियापदांचे तक्ते मांडले. मैथिलीचं क्रियापद कर्त्याप्रमाणे तर बदलतंच, शिवाय ज्याच्याबद्दल किंवा ज्याच्यावर क्रिया होते त्याच्या मानाप्रमाणेही बदलतं. एवढी बारीक यंत्रणा असलेल्या भाषेला बिघडलेली हिंदी म्हणता येईना. १८८३ पासून १८८७ पर्यंत बिहारी बोलींच्या व्याकरणांचे भाग एकामागून एक निघाले. ‘बिहारी’ हे एकत्रित नाव त्यांनीच चालवलं. हे नाव मैथिली लोकांना पुढे अजिबात रुचलं नाही, ती गोष्ट वेगळी. मैथिली आठव्या परिशिष्टात आली २००३ मध्ये.

त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं पुस्तक मात्र व्याकरण नाहीच. ‘बिहार पेझंट लाइफ’, १८८५. नांगराच्या प्रत्येक भागाला काय म्हणतात, बैलगाडीच्या चाकाला, उसाच्या चरकाला, कुंभाराच्या चाकाला, लग्नातल्या विधींना काय म्हणतात, आणि नदीच्या या तीरावर एक नाव तर त्या तीरावर दुसरं कसं होतं, याची ही जंत्री. सोबत चित्रं. कोणी म्हणेल, यात भाषाशास्त्र कुठे आहे? पण नांगराचं नाव कोणत्या गावापाशी बदलतं हे माहीत असल्याशिवाय बोलीची सीमा काढणार कशावरून? कैथी लिपीवरही त्यांनी पुस्तिका केली होती. बिहारात कैथीचं स्थान आपल्या मोडीसारखं, हिशेबाची आणि कचेरीची लिपी.

१८८६ मध्ये व्हिएन्नात प्राच्यविद्या परिषद भरली. हिंदुस्थानातल्या भाषांची पद्धतशीर पाहणी सरकारने करावी असा ठराव तिथे झाला. पाठिंबा देणाऱ्यांत गेओर्ग ब्यूलर होते, जे आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचे. सरकारचं उत्तर ठरलेलं, पैसा नाही. आठेक वर्षं गेली तेव्हा कुठे काम हललं, आणि १८९८ मध्ये ग्रिअर्सन अधिकृतपणे या सर्वेक्षणाचे प्रमुख झाले.

आता पद्धत सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे. देशभर हिंडून कान लावून ऐकायला ना माणसं होती ना पैसा. म्हणून काम टपालाने झालं. आधी जिल्ह्याजिल्ह्याला विचारलं, तुमच्याकडे कोणत्या बोली बोलतात त्यांची नावं कळवा. इथेच पहिली पंचाईत. गावातल्या माणसाला आपल्या भाषेला नाव आहे हेच माहीत नसतं. तो बोलतो, बस. नाव देतात ते शेजारी, आणि शेजाऱ्यांनी दिलेलं नाव बहुधा हिणवणारं असतं. कधी जातीचं नाव बोलीला चिकटतं, कधी दिशेचं, कधी डोंगराचं. एकाच बोलीची चार नावं आणि एका नावाखाली चार बोली, असा तो ढीग आधी निवडावा लागला.

मग प्रत्येक बोलीसाठी तीन गोष्टी मागवल्या. पहिली, लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला, स्थानिक बोलीत भाषांतर करून. आपल्या कॉलेजातल्या अर्ध्याहून अधिक जणांना हा दाखला पाठ असेल. ग्रिअर्सन यांनी तो धर्मप्रसारासाठी निवडला नव्हता. त्या छोट्या गोष्टीत मी, तू, तो अशी तिन्ही सर्वनामं येतात, नामाच्या बहुतेक विभक्ती येतात, आणि क्रियापदाचे वर्तमान, भूत, भविष्य असे तिन्ही काळ येतात. व्याकरणाचा सांगाडा एका पानात मिळतो. वासरू कापण्याचा भाग इथल्या लोकांना खटकेल म्हणून मजकूर थोडा बदलूनही दिला. दुसरी गोष्ट, त्या बोलीतलाच एखादा स्वतंत्र मजकूर: लोककथा, गाणं, कचेरीतली साक्ष, काहीही. तिसरी, २४१ शब्द आणि वाक्यांची ठरावीक यादी, जी मुळात जॉर्ज कॅम्पबेल यांनी काही दशकं आधी तयार केली होती.

दुसऱ्या मागणीचं महत्त्व मला आधी कळलं नव्हतं. भाषांतर करणारा मूळ वाक्याच्या मागे फरफटत जातो. दाखल्याच्या शंभर भाषांतरांत दोन मुलगे, दोन ल्योक, दोन झील, दोन पूत असे शब्द बदलतील, पण वाक्याची ठेवण पहिल्या पुस्तकासारखीच राहण्याचा धोका. स्वतःची गोष्ट सांगताना माणूस स्वतःच्या चालीने बोलतो. म्हणजे एका नमुन्याने तुलना करायची आणि दुसऱ्याने पहिल्यावर लक्ष ठेवायचं. टपालाने आलेल्या माहितीत एवढं शहाणपण पुष्कळ झालं.

यादी मी घरी आजीवर चालवून पाहिली. आजी पेडण्याची, घरात कोकणी, पोथी मराठी. सुरुवातीला आकडे, नाक-डोळे, सोनं-रुपं, बाप, बापाचा, बापाला, हे सगळं सुरळीत पार पडलं. शेवटच्या वाक्यांवर मात्र तिने मला अडवलं. इथून काश्मीर किती लांब? पांढऱ्या घोड्याचं खोगीर घरात आहे. त्याला चांगलं बडव आणि दोरीने बांध. आजी म्हणाली, ही कसली पोलिसांची भाषा! खरंच आहे ते. यादी करणारा घोड्यावर बसून हुकूम सोडणारा माणूस होता, ते लपत नाही. पण प्रत्येक वाक्यामागे एक सापळाही आहे. मी त्याच्या मुलाला पुष्कळ फटके मारले, या वाक्यात मराठीचा ‘मी’ जसाच्या तसा राहतो, हिंदीचा ‘मैं’ मात्र ‘मैंने’ होतो आणि कोकणीचा ‘हांव’ ‘हांवें’ होतो. एका फटक्यात तीन भाषा वेगळ्या दिसतात.

आणखी एका वाक्याने आजी सरळ उठलीच. माझ्या अंकलच्या मुलाचं त्याच्या बहिणीशी लग्न झालंय. अंकल म्हणजे काका की मामा की मावशीचा घरवाला? आणि त्याच्या म्हणजे कोणाच्या बहिणीशी? इंग्रजीत खपून जाणारं वाक्य आपल्याकडे आल्याबरोबर नातेवाइकांची बैठक बसवावी लागते. ज्या तलाठ्याने किंवा शाळामास्तराने हे वाक्य भरून पाठवलं असेल त्याने काय ठरवलं असेल कोण जाणे. उत्तरं देणारे बहुतेक शिकलेले पुरुष, मास्तर, कारकून, कुठे मिशनरी. अशा यादीत आजीसारख्या बाईचा आवाज किती आला असेल? फार नाही, असं माझं मत.

उत्तरांचे गठ्ठे येत गेले. ग्रिअर्सन इंग्लंडला परतले, १९०३ मध्ये निवृत्त झाले आणि सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीत राहून हे काम करत राहिले. मदतीला स्टेन कोनोव हे नॉर्वेचे विद्वान होते. मराठीचा सातवा खंड त्यांनीच तयार केला, तो १९०५ मध्ये निघाला. त्यात कोळी, आगरी, सामवेदी, वऱ्हाडी, नागपुरी, हळबी, कुडाळी, चित्पावनी अशा बोली ओळीने भेटतात. ठाण्याकडच्या ख्रिस्ती लोकांची ‘किरिस्ताव’ म्हणून वेगळी नोंद आहे.

आणि कोकणी. गोवा पोर्तुगिजांकडे, म्हणजे इथल्या अधिकाऱ्याला हुकूम धाडून दाखला मागवता येत नव्हता. त्यामुळे कारवारकडचा मुलूख, सावंतवाडी अशा शेजाऱ्यांच्या नमुन्यांवर मोठी भिस्त. निष्कर्ष असा की कोकणी ही मराठीची बोली, पण फार पूर्वीच वेगळी फुटलेली, आणि म्हणून मराठीने टाकलेली जुनी रूपं जपून असलेली. आपल्या कँटीनमधल्या दोन्ही बाजूंना हा एकच निष्कर्ष पुरतो तो यामुळे. एक जण स्वल्पविरामाच्या आधी थांबतो, दुसरा स्वल्पविरामानंतर सुरू करतो. १९४२ मध्ये सु. मं. कत्रे यांनी कोकणीच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून तिला वेगळी भाषा मानलं. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने मान्यता दिली, १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, १९९२ मध्ये आठवं परिशिष्ट. यातले शेवटचे निर्णय रूपांच्या तक्त्यांवर झालेले नाहीत, लोकांनी ते मागून घेतले. ग्रिअर्सन यांना याची कल्पना नव्हती असं नाही. भाषा आणि बोली यांतला फरक त्यांनी डोंगर आणि टेकडी यांच्यातल्या फरकासारखा मानला होता. दोन टोकं सगळ्यांना कळतात, मधली रेघ कोणालाच मारता येत नाही. तरी खंड छापायचे तर रेघ मारावी लागतेच. त्यांनी ती मारली आणि शेजारी नमुने छापले.

नमुने छापले हे मी पुन्हा सांगतेय, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

ग्रिअर्सन यांचा स्वतःचा एक लाडका सिद्धांत होता. त्याचं बीज हर्न्ले यांच्या १८८० च्या व्याकरणातलं. आर्यभाषा बोलणारे लोक हिंदुस्थानात दोन लाटांनी आले, आणि त्याची खूण आजच्या भाषांत दिसते, असा तो सिद्धांत. मधोमध आतली भाषा, पश्चिमी हिंदी. तिच्याभोवती कड्यासारख्या बाहेरच्या भाषा: लहंदा, सिंधी, मराठी, ओडिया, बिहारी, बंगाली, आसामी. पुरावा काय? आपलंच क्रियापद घ्या. मी गेलो, तू गेलास, तो गेला. बंगालीत आमि गेलाम, तुमि गेले, से गेलो. दोन्हीकडे भूतकाळात ‘ल’, आणि क्रियापदावरूनच बोलणारा कोण ते कळतं. हिंदीत मैं गया, तू गया, वह गया. ‘ल’ नाही, आणि मैं-तू काढून टाकलं तर कोण गेला ते कळायला मार्ग नाही. शिवाय स-श ची उलथापालथ: हिंदीचं सीखना आपल्याकडे शिकणं, सींग चं शिंग, आणि बंगालीत तर बहुतेक ‘स’ चा उच्चार ‘श’ च. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे सगळं पटलं होतं. मुंबई आणि कोलकाता एकाच कड्यात, मध्ये हिंदी. नकाशावर छान दिसतं.

१९२६ मध्ये सुनीतिकुमार चटर्जी या पस्तिशीतल्या बंगाली प्राध्यापकाचा बंगालीच्या उत्पत्तीवरचा दोन खंडांचा ग्रंथ कलकत्ता विद्यापीठाने छापला. त्यात या कड्याचे तुकडे झाले. सिंधी आणि लहंदा बाहेरच्या कड्यातल्या, पण त्यांच्या साध्या भूतकाळात ‘ल’ कुठे आहे? गुजराती आतल्या बाजूची, पण तिच्यात करेलुं, गयेलो अशी ‘ल’ वाली रूपं आहेत. ‘श’ चं म्हणाल तर मराठीत तो इ-ए सारख्या स्वरांआधी होतो, बंगालीत सरसकट, आणि सिंधीकडे ‘स’ चा ‘ह’ होतो. तीन वेगळे बदल एकाच पिशवीत घातले की ते सारखे दिसतात. थोडक्यात, जी लक्षणं सगळ्या बाहेरच्या भाषांत हवीत ती सगळ्यांत नाहीत, आणि जी फक्त बाहेर हवीत ती आतही सापडतात.

आता ही सिंधीची, लहंदाची, गुजरातीची रूपं शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय कोणी करून ठेवली होती? ग्रिअर्सन यांच्या खंडांनी. त्यांनी फक्त आपल्या सोयीची उदाहरणं देऊन सिद्धांत मांडला असता तर तो मोडायला चटर्जींना पुन्हा देशभर टपाल धाडावं लागलं असतं. आणि त्या १९२६ च्या ग्रंथाला प्रस्तावना कोणाची आहे? सर जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन यांची. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, ज्या ग्रंथात आपला सिद्धांत खोडलाय त्याच ग्रंथाच्या दारात उभा राहून वाचकाला आत बोलावतो. आपल्याकडच्या किती चर्चासत्रांत असं घडेल, सांगा.

म्हणून काही ते लगेच नमले नाहीत. १९२७ च्या पहिल्या खंडात आतलं-बाहेरचं कडं आहेच. नंतरच्या लेखांत त्यांनी वर्गवारी फिरवली, मधल्या भाषांची सोय वेगळी केली, पण मूळ कल्पना सोडली नाही. अलीकडे फ्रँकलिन साउथवर्थ यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती नव्या पुराव्यांसह पुन्हा चर्चेत आणली आहे, तेव्हा खटला अजून बंद झालाय असंही नाही.

सर्वेक्षणात भोकं होती, आणि ती लहान नव्हती. मद्रास इलाखा, ब्रह्मदेश, निजामाचं हैदराबाद आणि म्हैसूर संस्थान हे सगळं कक्षेबाहेर राहिलं. आपला हा अंक हैदराबादच्या मराठी मंडळातही वाचला जातो. तुमच्या आजी-पणज्यांची दखनीत मिसळलेली मराठी या यादीतून गेली नाही. दुसरं म्हणजे लिहून आलेल्या कागदातून आवाज येत नाही. चटर्जींसारख्यांना जो ‘श’ हवा असतो तो मास्तरच्या लेखणीत अडकतो. हे ग्रिअर्सन यांना कळत होतं, म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून प्रांतोप्रांतीच्या सरकारांकडून ग्रामोफोनच्या तबकड्या करून घेतल्या. त्यातल्या दोनशेहून जास्त ध्वनिमुद्रणं आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात कोणालाही ऐकता येतात. खरखर फार आहे, पण इयरफोन लावून ऐका. शंभर वर्षांपूर्वीचा कोणी अनोळखी माणूस तोच उधळ्या पुत्राचा दाखला आपल्या बोलीत सांगत असतो, जरा घाबरून, जरा घाईत, तबकडी संपायच्या आत.

शेवटचा भाग १९२८ मध्ये निघाला. १७९ भाषा, ५४४ बोली, सुमारे ८००० पानं. त्याच वर्षी त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं. एवढं झाल्यावर माणसाने बागेत खुर्ची टाकून बसावं. यांच्या टेबलावर काश्मिरीचा कोश होता, १९१६ पासून छापत आलेला. त्याचा शेवटचा भाग १९३२ मध्ये निघाला तेव्हा ग्रिअर्सन ८१ वर्षांचे होते. १९४१ मध्ये कॅम्बर्लीतच ते गेले.

त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची पाहणी नव्याने सुरू केली. पहिलं पुस्तक दक्षिण कानड्यातल्या कोकणीवर, १९६३, दुसरं कुडाळीवर, १९६५. सातव्या खंडात ज्या बोलींना थोडी थोडी पानं मिळाली होती त्यांना आता एकेक पुस्तक मिळालं. आपल्या ग्रंथालयात कुडाळीचं आहे का, हे कोणीतरी विचारून ठेवा. मला पुढच्या सत्रासाठी हवं आहे.